हसलास खरा, पण कुणाला?

पालकहो, उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं निवांत बोलता येईल. 'साउथ पार्क'सारखी शिवराळ, बोचरी, मोठ्यांसाठी काढलेली कार्टून्स बारा-तेरा-चौदाव्या वर्षी मुलांनी बघू नयेत. दहावी आटोपली, मूल सोळा-सतराचं झालं, की त्यातले काही भाग बघायला माझी हरकत नाही. सगळे नाहीत, आणि पहिले दोन-चार तरी घरातल्या कुणातरी मोठ्या माणसाबरोबर. नुसतं 'नको' म्हटल्यावर चौदा वर्षांचं पोरगं ऐकत असतं तर मी इथेच थांबले असते. ते ऐकत नाही, म्हणून कारणं सांगायला बसले आहे.

पहिला घोळ आपलाच आहे. पडद्यावर रंगीत, गोल डोक्याची, टिकल्यांएवढ्या डोळ्यांची चित्रं हलायला लागली की आपण निर्धास्त होऊन स्वयंपाकघरात जातो. कार्टून म्हणजे पोरांचं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. 'शिनचॅन'चंच घ्या. जपानमध्ये ते १९९०मध्ये मोठ्यांच्या चित्रकथांच्या साप्ताहिकात सुरू झालं. आपल्याकडे मात्र ते थेट मुलांच्या वाहिनीवर आलं, दुपारच्या वरणभाताबरोबर घराघरांत बघितलं गेलं, आणि पाच वर्षांचं ते पोरगं बायकांकडे बघून काय बोलतंय हे लक्षात आल्यावर २००८मध्ये सरकारने ते बंद केलं. पुढे काटछाट होऊन परत आलं. तोवर निम्म्या महाराष्ट्रातल्या मुलांनी चड्डी खाली ओढून नाचायचा त्याचा प्रकार पाहुण्यांसमोर करून दाखवलेला होता.

'साउथ पार्क' या बाबतीत तरी प्रामाणिक आहे. १३ ऑगस्ट १९९७ला अमेरिकेत 'कॉमेडी सेंट्रल' या वाहिनीवर ते सुरू झालं ते मोठ्यांसाठीच्या प्रमाणपत्रासह, आणि प्रत्येक भागाच्या आधी एक पाटी येते: यात भाषा घाणेरडी आहे, हा कार्यक्रम खरं म्हणजे कुणीच बघू नये. ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन या दोन मित्रांनी हे काढलं. कोलोरॅडोच्या डोंगरातलं बर्फाळ गाव, तिथल्या प्राथमिक शाळेतली आठ-नऊ वर्षांची चार पोरं: स्टॅन, काइल, केनी आणि एरिक कार्टमन. पहिला भाग चक्क रंगीत कागद कापून, एकेक तुकडा सरकवत चित्रित केला होता. नंतर संगणक आला, पण ते ओबडधोबड कागदी रूप त्यांनी मुद्दाम ठेवलं. एक भाग साधारण सहा दिवसांत तयार होतो, त्यामुळे गेल्या आठवड्यात अमेरिकेत जे गाजलं त्याची टवाळी या आठवड्यात पडद्यावर. म्हणजे आठ वर्षांच्या पोरांच्या तोंडून बोलणारं हे मोठ्यांचं वर्तमानपत्रच.

आता शिव्या. घाबरू नका, त्या तुमच्या मुलाने ऐकलेल्या आहेत. शाळेच्या व्हॅनमध्ये, क्लासच्या जिन्यात, ऑनलाइन गेम खेळताना कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये. इंग्रजी शिवी तर आपल्या घरांत शिवी वाटतच नाही. तीच मराठीत दिली असती तर कानाखाली आवाज निघाला असता. २००१मधल्या 'साउथ पार्क'च्या एका भागात एकच घाणेरडा शब्द १६२ वेळा येतो, आणि तो किती वेळा आला याचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात चढत जातो. गंमत अशी की त्या भागाचं म्हणणं अगदी आपल्या आजीला पटेल असं आहे: शिवी येताजाता वापरली की तिचा दम जातो, ती अगदी निकराच्या वेळेसाठीच राखून ठेवावी. तेव्हा केवळ शिव्यांसाठी मी कुणाला अडवणार नाही.

आणि आपण फार सोवळे आहोत असाही आव नको. शिमग्याला बोंबा मारणारी, सोंगाड्याच्या आचरट कोट्यांवर फेटे उडवणारी माणसं आपल्याच घरांतली. दादा कोंडक्यांचे सिनेमे बघून ज्या बाबांनी खुर्चीचे हात बडवले, त्यांनी आज मुलाच्या मोबाइलकडे बघून 'काय ही घाण' म्हणावं, हे मुलांना पटणार नाही. फरक आहे, पण तो वेगळ्या ठिकाणी. दादांची कोटी झाकलेली असायची. लहान मूल ती ऐकून गायीबद्दलच बोलणं चाललंय असं समजायचं, आणि मोठे हसायचे. 'साउथ पार्क'मध्ये झाकलेलं काही नसतं. पोराच्या डोक्यावरून जातो तो विनोदाचा रोख, आणि अंगावर येते ती सगळी घाण. आपल्याकडच्या जुन्या चावटपणात नेमकं उलटं होतं.

माझी काळजी या रोखाचीच आहे. मी शाळेत शिकवते, वरचे वर्ग. गेल्या वर्षी आमच्या नववीत मॉनिटरने फळ्यावर बडबडणाऱ्यांची नावं लिहायला खडू उचलला की मागच्या बाकावरून कार्टमनच्या नाकातल्या आवाजात आरोळी यायची, अधिकार मान्य करा म्हणणारी. चांगली नक्कल करायची पोरं. मॉनिटर मुलगी बिचारी लाल व्हायची. मी एकदा मधल्या सुट्टीत त्या बाकावरच्या तिघांना विचारलं, कार्टमन कोण रे? एकाने सांगितलं, "तो जाडा, बाई. भारी आहे. कुणालाच घाबरत नाही." पूर्ण भाग किती बघितले? एकही नाही. सगळं रील्समध्ये, तीस-चाळीस सेकंदांच्या तुकड्यांत. ती सुरुवातीची पाटी त्यांनी पाहिलेली नव्हती. बऱ्याच भागांच्या शेवटी स्टॅन किंवा काइल उभा राहून आज मला काय कळलं ते सांगतो, तेही नाही. कार्टमन हा दुष्ट, स्वार्थी, द्वेषाने भरलेला पोरगा आहे, आणि त्याला तसा दाखवण्यासाठीच सगळा खटाटोप आहे, याचा त्यांना पत्ताच नव्हता. त्यांच्या हाती आला तो फक्त एक भारी पोरगा.

तुकड्यांचं हे प्रकरण किती दूर जाऊ शकतं त्याचं एक खरं उदाहरण आहे. नोव्हेंबर २००५मध्ये 'जिंजर किड्स' नावाचा भाग आला. कार्टमन वर्गात भाषण ठोकतो: तांबड्या केसांची, ठिपकेदार गोऱ्या कातडीची मुलं घाणेरडी असतात, तो एक रोगच आहे, त्यांना आत्मा नसतो. बाकीची पोरं त्याला धडा शिकवायचं ठरवतात. रात्री झोपेत त्याचे केस तांबडे रंगवतात, चेहऱ्यावर ठिपके काढतात. सकाळी उठून हा बघतो तर आपणच त्यातले. आता सुधारेल असं वाटतं ना? छे. तो लगेच तांबड्या केसांच्या मुलांचा पुढारी होतो, आपणच श्रेष्ठ म्हणून सांगू लागतो, आणि बाकीच्यांना पकडून मारायची तयारी करतो. शेवटच्या क्षणी काइल त्याच्या कानात सांगतो, अरे, ते आम्हीच रंगवलंय. त्याबरोबर हा पठ्ठ्या फिरतो आणि सगळ्यांनी हातात हात घालून राहिलं पाहिजे असं गाऊ लागतो.

द्वेष कसा तयार होतो, ज्याच्या हातात तो असतो त्याचं ध्येय कसं फक्त स्वतःची खुर्ची असतं, यावर वीस-बावीस मिनिटांत याहून नेमकं काही दाखवणं अवघड आहे. जातीचं राजकारण बघत मोठ्या झालेल्या आपल्यासारख्यांना तर ते लगेच कळतं. पण झालं काय? २००८मध्ये कॅनडातल्या एका चौदा वर्षांच्या मुलाच्या नावावरच्या फेसबुक गटाने 'तांबड्या केसांच्यांना लाथ मारायचा दिवस' जाहीर केला. २० नोव्हेंबर ही तारीख. कॅनडातल्या शाळांत मुलांनी खरोखर लाथा खाल्ल्या. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसजवळच्या कॅलाबासासमध्ये, बारा वर्षांच्या तांबड्या केसांच्या मुलाला त्याच्याच शाळेतल्या मुलांनी मारलं आणि पोलीस आले. द्वेषाची टर उडवण्यासाठी केलेल्या भागातलं फक्त द्वेषाचं भाषण उचललं गेलं. भागाचा उत्तरार्ध कुठे गेला कोण जाणे.

हा भाग मी माझ्या भाचीबरोबर बघितला. ती अकरावीत, सोळा पूर्ण. दिवाळीच्या सुट्टीत आली होती आणि 'मावशी, तू काहीही न बघता बोलतेस' असा तिचा नेहमीचा आरोप होता. बघितला. कार्टमनच्या भाषणावर ती खळखळून हसली, खरं सांगते, मीही हसले. मधे ती गप्प झाली. संपल्यावर लॅपटॉप बंद करता करता म्हणाली, "म्हणजे त्याला काही कळलंच नाही. फक्त आपली कातडी वाचवली त्याने." मी काही बोलले नाही, बोलायला शिल्लकच नव्हतं. तिचा बारा वर्षांचा भाऊ दाराशी उभा राहून मधेमधे डोकावत होता, त्याला आजीने दोनदा हाक मारून नेलं होतं. दुसऱ्या दिवशी फराळाला बसल्यावर शेजारच्या घाऱ्या डोळ्यांच्या मुलाला तो ऐटीत सांगत होता, तुला आत्मा नाहीये. एकच लॅपटॉप, एकच संध्याकाळ.

तुम्ही म्हणाल, हुशार मुलाला कळेल की. हुशारीचा इथे फारसा संबंध नाही. १९७१मध्ये अमेरिकेत 'ऑल इन द फॅमिली' नावाची मालिका सुरू झाली होती. आर्ची बंकर नावाचा वर्णद्वेषी, तोंडाळ बाप आणि त्याची फजिती. लेखकांचा हेतू उघड होता. १९७४मध्ये व्हिडमार आणि रोकीच या अभ्यासकांनी अमेरिकेतली शाळकरी मुलं आणि कॅनडातली मोठी माणसं यांना त्याबद्दल प्रश्न विचारले. मालिका बहुतेकांना आवडत होती. पण ज्यांच्या मनात आधीच पूर्वग्रह होते, त्यांना आर्ची आपला माणूस वाटत होता आणि वादात तोच जिंकतो असं वाटत होतं. म्हणजे टवाळी आरशासारखी नसते हो, की समोर येईल त्याला खरं तोंड दाखवेल. बघणारा जे मनात घेऊन येतो, त्याच बाजूने तो हसतो. चौदाव्या वर्षी मुलाच्या मनात काय आहे हे त्याचं त्यालाच पुरतं ठाऊक नसतं. त्या वयात त्याला एकच गोष्ट पक्की कळते: वर्गात ज्याला हसतात तो आपण असता कामा नये.

आपल्या मुलांच्या बाबतीत अजून एक अडचण आहे आणि ती अमेरिकेतल्या मुलांना तितकी नाही. काइल ज्यू आहे आणि कार्टमन त्याला त्यावरून सतत घालूनपाडून बोलतो. हिटलरने साठ लाख ज्यू मारले, हे तिथली बरीच मुलं शाळेत शिकलेली असतात. कधी वर्गात, शेजारात ज्यू मूलही असतं. त्यामुळे त्या शेऱ्यामागची जखम त्यांना निदान ठाऊक असू शकते. आपल्या मुलाकडे ते संदर्भ क्वचितच असतात. न्यू जर्सीत वाढणाऱ्या मराठी मुलाकडे कदाचित असतील, नाशिकच्या मुलाकडे बहुधा नाहीत. त्याच्यापर्यंत पोचतो तो फक्त एक चटपटीत अपमान, आणि मग तो त्याला वर्गातल्या आडनावांवर, रंगावर, ईशान्येकडून आलेल्या एखाद्या मुलीच्या डोळ्यांवर बसवून बघतो. कारण अपमानाला संदर्भ लागत नाही, तो कुठेही बसतो.

यातून मुलांत एक वृत्तीही येते. 'सगळेच मूर्ख आहेत' ही. 'साउथ पार्क' डाव्यांनाही झोडपतं, उजव्यांनाही, धर्मवाल्यांना आणि धर्म न मानणाऱ्यांनाही. मोठ्या माणसाला हे मोकळं करणारं वाटतं, कारण त्याची स्वतःची काही ठाम मतं तयार झालेली असतात आणि त्यांना अधूनमधून टपली बसलेली चांगलीच. ज्याची मतं अजून तयारच व्हायची आहेत त्याला मात्र असं वाटू लागतं, की कशाचीही मनापासून काळजी करणं हाच बावळटपणा. २००६च्या एका भागात त्यांनी अल गोर यांची टर उडवली. गोर हवामान बदलाबद्दल लोकांना सावध करत फिरत होते, तर इथे ते एका काल्पनिक राक्षसाच्या मागे वेड्यासारखे धावताना दाखवले. २०१८मध्ये दोन भाग काढून या मंडळींनी आपलीच गोष्ट उलटवली. राक्षस खरा निघाला आणि पोरांना गोर यांच्यापुढे चूक कबूल करावी लागली. मोठ्या मनाचं काम, मान्य. पण ज्याने पहिला भाग चौदाव्या वर्षी बघितला तो दुसरा येईपर्यंत सव्वीस वर्षांचा झाला होता.

बाकीच्या कार्टून्सबद्दल मुलं विचारतील, तेव्हा माझं थोडक्यात ऐकून ठेवा. 'द सिम्पसन्स' तुलनेने सौम्य, ते आठवी-नववीतल्या मुलाबरोबर बघायला मला चालतं. 'फॅमिली गाय' मला 'साउथ पार्क'पेक्षा कमी आवडतं, कारण त्यातले घाण विनोद बहुतेक वेळा कशाबद्दलच नसतात. 'बोजॅक हॉर्समन'मध्ये घाण फार नाही, पण दारू, नशा, मृत्यू आणि खोल उदासी आहे. मूल आधीच कोमेजलेलं असेल तर ते एकट्याने मुळीच बघू देऊ नका. घाणीपेक्षा मला या उदासीची भीती अधिक वाटते.

बंदी, कुलूप, पासवर्ड यांचं काय? असावेत. २०२१च्या नियमांनुसार आपल्याकडच्या ओटीटीवर ७, १३, १६ वर्षांवरील आणि फक्त प्रौढांसाठी असे शिक्के असतात आणि पालकांना कुलूप लावता येतं. लावा. आणि कृपा करून पिन म्हणून स्कूटरचा नंबर ठेवू नका, तो घरात सगळ्यांना पाठ असतो. पण रील्सना हे शिक्के नसतात, आणि वर्गमित्राच्या मोबाइलला तुमचं कुलूप लागत नाही.

कुलपाची मर्यादा 'साउथ पार्क'वाल्यांनीच सगळ्यात चांगली दाखवली आहे. १९९९मध्ये त्यांनी एक चित्रपट काढला. गोष्ट काय, तर ही चार पोरं मोठ्यांसाठीचा एक घाणेरडा कॅनेडियन सिनेमा बघायला जातात. तिकीटखिडकीवर मोठं माणूस लागतं, म्हणून रस्त्यावरच्या एका बेघर माणसाला पैसे देऊन पालक बनवतात. सिनेमातून शिव्या शिकून शाळेत देतात. मग आया खवळतात. काइलची आई पुढाकार घेते, दोष कॅनडाचा ठरतो, मोहीम निघते, मोहिमेची चळवळ होते आणि चळवळीतून थेट कॅनडाशी युद्ध पेटतं. कॅनडाला दोष देणारं त्यातलं गाणं ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचलं. शेवटाकडे काइल आईला जे सांगतो त्याचा मथितार्थ असा, की मी अडचणीत आलो की तू माझ्यासाठी जगाशी भांडायला जातेस, माझ्याशी मात्र बोलत नाहीस. हा सिनेमा मुलांनी बघू नये असं मी म्हणेन. पालकांनी मात्र, मुलं झोपल्यावर, अवश्य बघावा.

म्हणून एक विनंती करते. या रविवारी मुलाला म्हणा, तुला सगळ्यात हसू आलेली क्लिप मला दाखव. पहिली पाच मिनिटं एक अक्षर बोलू नका, चेहराही वाकडा करू नका, हसू आलं तर हसा. मग एवढंच विचारा, की तू हसलास ते नेमकं कुणाला? जो बोलतोय त्याला, की ज्याला बोललं जातंय त्याला? उत्तर आलं नाही तर अजून वर्ष-दोन वर्षं थांबायला हवं हे तुम्हाला कळेल, आणि बहुधा त्यालाही. नीट उत्तर आलं, तर तो पूर्ण भाग शोधून काढा आणि दोघं मिळून शेवटपर्यंत बघा.